कच्चा डाग

४ ऑगस्ट

मामा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नसेल. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी दहावीत होते आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते. मी चिमणी, तुमच्या बहिणीची धाकटी. सात वर्षांनी लिहितेय आणि तेही आईपासून लपून, तेव्हा आधीच कान पकडते. दादा गेला आणि आईने तुमचं नाव घरातून पुसून टाकलं. का, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नाही, तुम्हाला माहीत आहे.

काम दादाच्या गिटारचं आहे. घराला रंग द्यायचा म्हणून कपाटं रिकामी केली तेव्हा ती बाहेर आली. तुम्ही दोघांनी मिळून केलेली, तुमच्या दुकानात बसून पिकअप गुंडाळलेली तीच. सोमवारी आमचं चष्म्याचं दुकान बंद असतं आणि आई कामावर असते, म्हणून दुपारी मी ती दादाच्या ॲम्पला जोडली. वाजवता मला येत नाही. नुसतं बघावं म्हटलं.

मामा, ती गुणगुणते. तारेला हात न लावता. मी दारात उभी असले की हळू, जवळ गेले की मोठ्याने, मागे सरकले की पुन्हा हळू. तीनदा करून पाहिलं, चौथ्यांदा धीर झाला नाही. दादा बोलायचा नाही म्हणून तुम्ही त्याला घुम्या म्हणायचात ना? आता बोलतोय म्हणावं तर तेही घुमूनच.

हसू नका. मी इकडे तिकडे वाचून यादी केलीय. दोन नवे पिकअप, पाचशे केचे दोन पॉट आणि तो नारंगी कपॅसिटर, तो चांगला असतो म्हणे. एवढं बदललं तर आवाज जाईल का? की तुम्ही येऊन बघाल? तुमचा फोन नंबर तोच आहे का?

आई बरी आहे. अजून गणवेशांच्या कारखान्यात कापड कापते. तिचं दुधाचं पातेलं हरवलं होतं त्याचा शोधही अजून चालूच आहे, त्या पातेल्यापायी शेजारणीशी सात वर्षं अबोला आहे. बाकी सगळं आहे तसं.

तुमची,
चिमणी


९ ऑगस्ट

चिमणे,

पत्र दोनदा वाचलं. कान पकडलेस ते सोड आता, दुखतील. फोन मात्र करू नकोस. फोनवर माणूस घाईघाईत खोटं बोलतो, कागदावर निदान विचार करून बोलतो.

यादी फाडून टाक. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पिकअप म्हणजे तारांखालची सूर टिपणारी वेटोळी, ती मी स्वतः गुंडाळलीत. मी फिरवत होतो, घुम्या वेढे मोजत होता. पाच हजारांच्या पुढे त्याला शिंक आली, आकडा चुकला, आणि पठ्ठ्याने अख्खं वेटोळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. अशा पिकअपला अडीचशेचाच पॉट बरा, पॉट म्हणजे आवाजाच्या बटणाखालची ती डबी. पाचशेचा लावलास तर आवाज इतका कडक होईल की दातात कळ येईल. आणि कपॅसिटर कुठल्याही रंगाचा असो, कानाला रंग दिसत नाही. मी पत्र्याच्या डब्यातला जुना लावलाय, तो तुला-मला पुरून उरेल.

आता गुणगुणण्याचं. आपल्या सगळ्यांच्या अंगावर घरातल्या विजेची भुणभुण असते, आपल्याला ती ऐकू येत नाही एवढंच. गिटारजवळ गेलं की गिटार ती ऐकते. गिटारमध्ये दोन वाटा असतात, एक गरम तार आणि एक थंड तार. गरम तार सूर नेते, थंड तार नको असलेली भुणभुण निचरून टाकते. थंड तारेचं आमच्या दुकानातलं नाव वेगळं आहे, पण ते तुला सांगत नाही. त्या नावावरून एकदा एक गिऱ्हाईक माझ्या अंगावर धावून आलं होतं. तेव्हापासून बाहेरच्या माणसाशी बोलताना मी आपलं थंडच म्हणतो.

तीन गोष्टी करून बघ. ॲम्प चालू ठेवून तारांवर हात ठेव, गुणगुण वाढते की कमी होते ते लिही. मग जिथे पिन खोचतात त्या धातूच्या पट्टीला बोट लाव, काय होतं ते लिही. मग गिटारच्या पाठीवर एक थापडी मार, लहान मुलाला ढेकर काढताना मारतात तेवढीच. आणि ॲम्पच्या पोटात हात घालू नकोस, तिथे विनोद चालत नाही.

आई बरी आहे हे वाचलं. मी विचारलं असं सांगू नकोस.

मामा


१८ ऑगस्ट

मामा,

तुमच्या तीन परीक्षा झाल्या. तारांवर हात ठेवला तर गुणगुण वाढते. पिनेजवळच्या पट्टीला बोट लावलं तर एकदम खाली बसते. थापडी मारली की क्षणभर सगळं शांत होतं आणि मग हळूहळू परत येते, कोणी दमून पुन्हा बोलायला लागावं तशी.

पण चौथी गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती. थापडी मारताना माझ्या तोंडून सहज "दादा" असं निघालं. मी गिटारवर वाकलेले होते. त्या क्षणी ॲम्पमधूनही आलं, "दादा." बारीक, नाकातून, गुणगुणण्याच्या आतून. मी पिन ओढली आणि गॅलरीत जाऊन बसले. वय वर्षं तेवीस, हातात रोज दुसऱ्यांचे चष्मे, आणि भुताला घाबरून गॅलरीत.

त्याहून मोठं पुढे आहे. गुरुवारी आईला सुट्टी असते आणि मी दुकानात असते. या गुरुवारी आमचं काच घासायचं यंत्र बंद पडलं आणि मी चारलाच घरी आले. बाहेरूनच ती गुणगुण ऐकू आली. आई स्टुलावर बसली होती, गिटार मांडीवर आडवी, हात तारांवर. कारखान्यातलं सांगत होती. बाह्यांचं कापड कमी पडलं, मुकादमीण कशी ओरडली, सगळं. मध्येच थांबायची. तिचेच शब्द आतून पुसट परत यायचे, की ती मान हलवायची.

मला पाहून तिने बटण बंद केलं. ओरडली नाही. म्हणाली, "हात लावायचा नाही. दर गुरुवारी भेटतो तो मला." सात वर्षं, मामा. सात वर्षं मी समजत होते की आई गुरुवारी झोपते.

आता सांगा. दुरुस्त करायची की नाही? आवाज गेला तर तिचं काय उरेल? आणि नाही केली तर ती अशीच बसणार का, मांडीवर विजेची भुणभुण घेऊन? मला एकटीला हे झेपत नाही. तुम्ही याच. मी घ्यायला स्टँडवर येते.

चिमणी


२३ ऑगस्ट

चिमणे,

मी येत नाही. मला येता येत नाही आणि त्यावर वाद घालू नकोस.

"दादा" म्हणालीस आणि गिटार "दादा" म्हणाली, त्यात भूत नाही. वेटोळं ढिलं असलं की त्यातली तार तुझ्या आवाजानेही थरथरते आणि पिकअप कान होऊन बसतो. त्यावर उपाय मेणाचा. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचा, मेण फटीत शिरतं, तार जागच्या जागी बसते आणि पिकअप बहिरा होतो. मग त्याला फक्त तारा ऐकू येतात, माणसं येत नाहीत. घुम्याला ते करायचंच होतं. मेण वितळवलेलं एक पातेलं माझ्या फळीवर आहे, मेणासकट, तेव्हापासून तसंच पडलेलं.

गुणगुण हा वेगळा रोग. तू लिहिलंस त्यावरून एक डाग सुटलाय असं दिसतं. डाग म्हणजे सोल्डरचा, वितळवलेल्या कथलाचा सांधा, तुला कोणी डाग लावत नाहीये. कोणता सुटलाय याचा मला अंदाज आहे, पण अंदाजाने मी कोणाला काही सांगत नाही.

त्याआधी एक विचारतो. गिटारबरोबर चिठ्ठी होती का? आमच्या दुकानाचा रिवाज होता. वाद्य दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर आधी एका कागदावर रोग लिहायचा, दोन-तीन ओळींत, लांबण लावायची नाही. तो कागद तारांखाली खोचायचा, मानेवरच्या तिसऱ्या पट्टीजवळ. घुम्या तर हे फार कडकपणे पाळायचा, बोलण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटायचं. ती गिटार त्या आठवड्यात माझ्याकडे यायची होती. आली नाही. तिच्याऐवजी, तो गेल्याचं कळून, मीच तिकडे आलो, आणि तुझ्या आईने मला दारातून परत पाठवलं. मला वाटतं तिचं खरं आहे. वाद्याचा नाद मीच लावला त्याला.

आईला विचार. जपून विचार.

मामा


३० ऑगस्ट

मामा,

विचारलं. जपून विचारायला मला जमलं नाही.

"गिटारवर काही कागद होता का?" एवढंच म्हणाले. आई भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "अण्णाने विचारायला सांगितलं ना? आठवण आली वाटतं त्याला." म्हणजे तुमच्या पत्रांचं तिला माहीत होतं. मग तिने कपाटाच्या तळातून बटणांचा डबा काढला, बटणं ओट्यावर ओतली आणि तळाशी चिकटवलेला कागद सोडवला.

तो मी जसाच्या तसा उतरवते. दादाचं अक्षर आहे, पेन्सिलीने.

"मामा,
कशालाच अर्थ नाही. मी खूप प्रयत्न केला. आता तुम्हीच काय ते बघा. आईला सांगू नका."

खाली एक लहान गोल आणि त्यात फुली. एवढंच.

तो गेला त्या संध्याकाळी आईला हा सापडला. त्याची सायकल कालव्याच्या काठाला, चपला शेजारी जोडीने ठेवलेल्या. लोक म्हणाले पाय घसरला असेल, आणि आईने मान हलवली आणि कागद पदराखाली धरला. सात वर्षं तिने कोणाला दाखवला नाही, मलाही नाही. मी अपघात, अपघात म्हणत मोठी झाले.

तुमच्यावर तिचा राग गाण्याबजावण्याचा नाहीच, मामा. ती म्हणते, "पोटच्या पोराने मला सोडून मामाला लिहिलं. म्हणजे आधीही मामाशीच बोलत असणार. अण्णाला माहीत होतं त्याच्या मनात काय चाललंय, आणि अण्णा गप्प बसला." आणि म्हणते, "त्याला अर्थ दिसत नव्हता, आणि मी त्याला रोज नोकरीच्या जाहिराती दाखवत होते."

आता मी विचारते, कारण विचारायची पद्धत सुरूच झालीय तर. तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही येत का नाही? फोन का नको? काय लपवताय? तुम्ही हो म्हणालात तरी मी सहन करीन. पण खरं लिहा.

चिमणी


२ सप्टेंबर

चिमणे,

पत्र अकराला आलं. आता बारा वाजलेत. दुकान बंद करून लिहायला बसलोय.

थंड तारेचं आमच्या दुकानातलं नाव तुला सांगायचं राहिलं. आम्ही तिला अर्थ म्हणतो. विजेची माणसं अर्थिंग म्हणतात ना, ते. जमिनीला जोडलेली वाट. पॉटला अर्थ दे, ब्रिजचा अर्थ तुटलाय, असं आम्ही दिवसभर बोलायचो. मी एका गिऱ्हाइकाला त्याचं वाद्य बघून म्हणालो होतो, "साहेब, तुमच्या वाजवण्याला अर्थच नाही," आणि तो बाह्या सरसावून उठला. घुम्या त्या दिवशी इतका हसला की स्टुलावरून पडला. त्याला मोठ्याने हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

आता ती चिठ्ठी पुन्हा वाच. कशालाच अर्थ नाही. त्या गिटारमध्ये मी सगळ्या थंड तारा एकत्र आणून एकाच ठिकाणी डाग दिला होता, व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर. दोन्ही पिकअपच्या, तारा टेकतात त्या ब्रिजची, कपॅसिटरची. तो एक डाग सुटला की कशालाच अर्थ राहत नाही. त्याने रोग अचूक लिहिला होता. त्याने स्वतः खटपट केली, जमलं नाही, म्हणून माझ्याकडे पाठवायला काढली. गोलात फुली ही आमची खूण आहे, गोल म्हणजे पॉट आणि फुली म्हणजे डाग इथे खराब. कागद कुठे सापडला हे तू लिहिलं नाहीस. आईला विचार. तारांखाली तिसऱ्या पट्टीजवळ होता का?

लोक म्हणतात ध चा मा होतो. इथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही, आणि तरी माझ्या बहिणीची सात वर्षं गेली.

डाग माझा होता, चिमणे. घाईत दिलेला. पॉटची पाठ जाड असते, उष्णता पिते. डाग द्यायचं तापलेलं आयर्न तिथे दम धरून टेकवावं लागतं, नाहीतर सोल्डर वरवर बसतं, चकाकतं, आणि आतून पकडलेलं नसतं. कच्चा डाग म्हणतात त्याला. दुसऱ्यांना चाळीस वर्षं शिकवलं आणि घरच्या पोराच्या गिटारला कच्चा डाग दिला. त्याने ते चिठ्ठीत लिहिलंही नाही, डाग कोणाचा ते. असा होता तो.

चिठ्ठीतलं "आईला सांगू नका" हे पातेल्याबद्दल. तुमचं दुधाचं पातेलं माझ्या फळीवर आहे. त्याने त्यात घरीच मेण वितळवलं, मग ते निघेना, आणि जायच्या दोन आठवडे आधी ते पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "मामा, हे साफ होईपर्यंत आईला सांगू नका." मी पहिल्याच पत्रात पातेल्याचं वाचलं आणि गप्प बसलो. त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता, आणि मेलेल्या पोराचा शब्द मोडायला जीव होईना. तेवढं मी लपवलं. आज पार्सल केलंय.

आणि दुसरं लपवलं ते माझे कान. पाच वर्षं झाली. उजवा पूर्ण गेला, डाव्याने भांडं पडल्याचं कळतं. फोनवर तुझा आवाज मला ऐकू येणार नाही. तिथे येऊन त्याच्या गिटारपुढे बसायचं आणि तुम्ही दोघींनी "ऐका, ऐका" म्हणायचं, ते मला नको होतं.

मला माहीत होतं का, हा तुझा प्रश्न. त्याच्या मनातलं मला काही माहीत नव्हतं. पाण्याचंही मला माहीत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी काही रचणार नाही. चपला तो माझ्या दुकानाबाहेरही जोडीनेच ठेवायचा. पण चिठ्ठीचं मला माहीत आहे. ती निरोपाची चिठ्ठी नाही. ती दुरुस्तीची चिठ्ठी आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मागचं झाकण उघड, चार स्क्रू आहेत, तुझ्या चष्म्याच्या पेचकसाने निघतील. पॉटच्या पाठीवर बघ.

मामा


९ सप्टेंबर

मामा,

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. अर्थिंगपर्यंत आले आणि तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं, आणि पहिल्या ओळीपासून परत वाचलं. मग म्हणाली, "अण्णा पहिल्यापासून बोलण्यात हुशार. मला बरं वाटावं म्हणून लिहितोय." मी म्हटलं, झाकण उघडू. ती म्हणाली, "आणि नसलं तर?" त्या प्रश्नावर आम्ही दोघी दोन दिवस अडून बसलो. खरंच सांगते, मामा, मलाही भीती वाटत होती. चुकीची का होईना, सात वर्षं तिने एक गोष्ट घट्ट धरली होती, आणि तीही सुटली आणि ही दुसरीही खोटी निघाली तर काय धरायचं?

सोमवारी तिने रजा घेतली. स्वयंपाकघराच्या टेबलावर चादर पसरली आणि गिटार उपडी ठेवली. स्क्रू मी काढले. आत एवढा पसारा असेल असं वाटलं नव्हतं. पॉटच्या पाठीवर सोल्डरचा गोळा, त्यात सगळ्या काळ्या तारा शिरलेल्या, बघायला अगदी पक्का. मी नखाने ढकलला. अलगद उचलून आला, चिंचेच्या टरफलासारखा.

आणि त्याच्या शेजारी, पॉटच्या पत्र्यावर, पेन्सिलीने गोल आणि गोलात फुली.

आईने चष्मा मागितला. मग टॉर्च मागितला. मग चिठ्ठी आणून शेजारी धरली आणि खूण खुणेला लावून पाहिली, कापड कापताना नमुना लावतात तशी. नंतर ती खुर्चीत बसली आणि तिने मला विचारलं, "डाग दिला की आवाज जाईल?" मी म्हटलं, गुणगुण जाईल. ती म्हणाली, "मग थांब जरा. गुरुवारपर्यंत थांब."

मी थांबलेय. दादाचं आयर्न त्याच्या खणात सापडलं, चालू आहे. दम धरून टेकवायचं, लक्षात आहे. तारांखालचं मी विचारलं नाही, त्याचं ती स्वतः लिहीन म्हणते.

चिमणी


१४ सप्टेंबर

अण्णा,

पातेलं पोचलं. चमचाही त्यातच निघाला, मेणात उभा रुतलेला. चमच्याची तर मला आठवणही नव्हती. शेजारणीकडे गेले आणि माफी मागितली. तिने आधी अर्धा तास ऐकवलं, मग चहा केला.

कागद तारांखालीच होता. वरून तिसरी की चौथी पट्टी ते मोजण्याचं भान मला तेव्हा नव्हतं, पण तारांखाली होता. मी तो ओढून काढला तेव्हा एक तार वाजली होती. अजून एक सांगते, कोणाला सांगितलेलं नाही. त्या दुपारी त्याने माझ्याकडे जुनी चादर मागितली होती. मी म्हटलं कशाला, तर म्हणाला, गुंडाळायला. एवढंच बोलला, घुम्याच तो. त्या एका शब्दाने मला सात वर्षं झोपू दिलं नाही. काय काय मनात आणलं मी, लिहवत नाही. चिमणीने परवा गिटार टेबलावर ठेवताना खाली चादर घातली आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एसटीत टाकायची म्हणून गुंडाळणार होता.

गुरुवारी मी दुपारभर त्याच्याजवळ बसले. नेहमीसारखंच, पण काही सांगितलं नाही, नुसती ऐकत होते. मग पाच वाजता चिमणीला म्हटलं, दे डाग. तिने आयर्न टेकवलं आणि तोंडाने आकडे मोजत बसली. धूर झाला. तिने पिन खोचली, बटण लावलं, आणि काहीच नाही. मी तारांवर हात ठेवला तरी काही नाही. खोली इतकी रिकामी झाली की मला चिमणीचा राग आला, तुझा आला, त्या पॉटचाही आला. मी मोठ्याने रडले, अण्णा. तेव्हा रडले नव्हते, कागद लपवण्यात सगळं गेलं होतं. चिमणी मला धरून बसली होती आणि तीही रडत होती.

मग मी गिटारवर वाकून त्याला म्हटलं, "अरे, दुधाचं पातेलं नेलंस म्हणून मी काय तुला खाल्लं असतं?"

आणि ते परत आलं. माझाच आवाज, पण आता गुणगुण नव्हती ना, त्यामुळे लख्ख. शब्द न् शब्द. चिमणी म्हणते, आता याला मेणात बुडवलं की हेही बंद होईल, पिकअप नीट होईल. मी म्हटलं, राहू दे. तो नाही त्यात, एवढं मला कळतं. पण मला त्याला अजून बरंच बोलायचंय, आणि आता निदान मला माझं बोलणं ऐकू येतंय.

मला तुझं चुकलं असं म्हणायचं नाही आणि माझं चुकलं हेही या कागदावर म्हणायचं नाही. तू ये. कान गेलेत म्हणून येत नाही हे कारण मला सांगू नकोस, लहानपणी तरी तू माझं कुठे ऐकायचास. समोर बसवून ओरडून सांगीन. गिटार ऐकायला यायचं नाही, हात लावून बघायला ये, चिमणीचा डाग पक्का बसलाय की नाही ते. तिला अजून खात्री नाही.

चिठ्ठी मी तारांखाली परत खोचून ठेवलीय, तिसऱ्या पट्टीजवळ. तुझ्या नावाची आहे. येऊन घे.

तुझी बहीण